समासातली ‘साफ चूक’

प्रिय सम्मेद,

पत्र बघून दचकू नकोस. सगळं बरं आहे. खूप दिवसांनी हे वाक्य मनापासून लिहितेय. आण्णा समोर बसून जेवतायत आणि चपाती करपलीय असं मला सांगून झालंय. तोंडानं सांगून, सम्मेद!

दिवाळीत तू पाहिलेले आण्णा आठव. तेहेतीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलेला माणूस. अर्धांगाच्या झटक्यानंतर हातपाय सावरले, पण शब्द गेले ते गेलेच. स्पीच थेरपीच्या मॅडम गाय, कप, केळं अशी चित्रांची कार्डं समोर धरायच्या आणि आण्णा ती बाजूला सारून भिंतीकडं तोंड करून बसायचे. सात महिने असे गेले. शाळेतली नोकरी, औषधं, पथ्य, सगळं मी निभावलं. पण त्या गप्प घरात शिरायचं म्हटलं की उचगावच्या स्टॉपवर उतरल्यापासूनच पाय जड व्हायचे.

मग फेब्रुवारीत एका दुपारी दारात एक मुलगी उभी. वर्षाराणी नाव, आजऱ्याची, इथं एम.ए. करते. पिशवीतून तिनं एक जुनं पुस्तक काढलं. भाषा आणि कला यांवरच्या तत्त्वचिंतनाच्या निबंधांचं, पाठीला खाकी कागदाची पट्टी डकवलेलं. शहरातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिला ते मिळालं होतं आणि पहिल्या पानावर आण्णांची सही न् आपल्या घराचा पत्ता होता, म्हणून शोधत आली होती. आण्णांची अवस्था मी तिला बाहेरच सांगितली. ती ओशाळली. “नुसता नमस्कार करून जाते की,” म्हणाली. आत गेली, वाकून नमस्कार केला आणि निघायचं सोडून पुस्तकच उघडून बसली.

एका निबंधात लेखक म्हणतो, शब्द संपतात तिथं विचारही संपतो. त्या ओळीशेजारी, समासात, आण्णांनी कधीकाळी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘साफ चूक.’

“सर, मला तर लेखकाचंच पटतंय,” ती म्हणाली. “शब्दच न्हाईत, तर माणूस विचार कशानं करणार?”

तिला दंडाला धरून बाहेर काढावं असं वाटलं. आण्णांचा चेहरा लाल झाला, ओठ थरथरले आणि खुर्चीवर थाप मारत ते ओरडले, “न्हाय!”

वर्गात कधी अशुद्ध न बोललेल्या माणसाचा पहिला शब्द ‘नाही’ नव्हता, ‘न्हाय’ होता. मी दाराला धरून रडत राहिले. ती पोरगी मात्र काही घडलंच नाही अशा थाटात म्हणाली, “मग कसं, ते सांगा की.” तासाभराच्या झटापटीनंतर आण्णांनी कपाळावर बोट टेकवलं. “हितं... हाय.”

तेव्हापासून ती मंगळवारी, शुक्रवारी येते आणि दोघं भांडतात. मधेच आण्णांचा शब्द चुकतो, पेन्सिलीला चमचा म्हणतात, पण वाद सोडत नाहीत. मॅडम म्हणाल्या, कार्डं राहू देत, हेच चालू द्या.

फोनवर मी तुला नुसतं ‘सुधारणा आहे’ म्हणत राहिले. कारण सगळं सांगितलं असतं, तर तू पहिलं हेच विचारलं असतंस की आण्णांचं पुस्तक दुकानात गेलं कसं? मीच दिलं. सगळीच दिली, टेम्पो भरून, ते दवाखान्यात असताना. त्यांनीच खुणेनं वाचनालयाला द्यायला सांगितली, असं मी तुला म्हणाले होते. ते खोटं होतं. आण्णा आता कधी वाचणार नाहीत, हे माझं मीच ठरवून टाकलं होतं. रिकाम्या कपाटाकडं बघून ते काही विचारू शकले नाहीत, आणि मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, याची लाज जास्त आहे. काल त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. बराच वेळ ते शब्द शोधत राहिले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “म्हणून तर... ती आली की.” आज तुला सांगितलं. आता माझ्याजवळ लपवायला काही उरलं नाही. तुला रागवायचं असेल तर रागव, पण मे महिन्यात इथं येऊन रागव.

तुझीच,
दीपाक्का