आधी प्रभूचं नाव

४ फेब्रुवारी १९८६, मंगळवार

भीती वाटते. दुसरं काय लिहू!

आज अग्बेको घरी आले. आमच्या चर्चचे नवे सुवार्तिक. वय माझ्या सेन्योपेक्षा फार नसेल, पण बोलायला लागले की म्हातारेसुद्धा मान खाली घालतात. चुलीशेजारी झाकून ठेवलेलं ताट त्यांना दिसलं. "हे कुणाचं?" माझ्याआधी नणंदच, फाफाली वन्सं, बोलल्या — "तिच्या मुलाचं. रोज वाढते."

"बाई, सेन्यो समुद्रात गेला. तुम्हीच पुरलंत त्याला."

पुरलं! होडी गॅबन देशाच्या वाटेवर बुडाली, प्रेत मिळालं नाही, पेटीत त्याचा निळा सदरा ठेवून पुरला. याला पुरणं म्हणायचं तर पुरलं.

"मेलेला जेवायला येत नाही," अग्बेको म्हणाले. "येतो तो अबोसाम. सैतान! आणि तो शिंगं घेऊन येत नाही. तुम्हाला जे सगळ्यात जास्त हवं असतं, तेच होऊन येतो."

मला काय हवंय ते अख्ख्या गावाला माहीत आहे. मग त्याला माहीत नसेल?

५ फेब्रुवारी

ताट वाढलं नाही. मलाही घास उतरला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज प्रवचन त्याच्यावरच. माझ्याकडेच बघून बोलत होते, असं मला वाटलं तरी.

"तो ओळखीचा आवाज उसना घेतो. भर दुपारी, वस्तीत चिटपाखरू नसतं तेव्हा हाक मारतो. ओ दिलीत की संपलं!" हे आजीही सांगायची — दुपारची हाक आली तर माणूस दिसल्याशिवाय ओ देऊ नये. पण ओळखायचं कसं, ते तिने सांगितलं नव्हतं. अग्बेकोंनी सांगितलं. "त्याला म्हणा, आधी प्रभूचं नाव घे. तिथे त्याची जीभ अडते."

झालं! आता सगळी वस्ती आधी येशूचं नाव घेते आणि मग हाक मारते. फाफाली वन्संना तर आयतंच सापडलंय. कांद्याच्या वाफ्यातून ओरडतात, "येशू! वहिनी, मीठ कुठे ठेवलंत?" जरा वेळाने, "येशू! वहिनी, तुमची शेळी माझे कांदे खातेय. तिलाही नाव घ्यायला लावू का?"

हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. मग एकदम गार पडले — हसण्यातूनच तो आत शिरत असेल तर?

१३ फेब्रुवारी

सेन्यो स्वप्नात आला. ओलाचिंब. काही बोलला नाही. हे कुणाला सांगायचं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तो आला!!

लिहूनच काढते, नाहीतर डोकं फुटेल. वन्सं मासळी घेऊन केटाच्या बाजाराला गेल्या होत्या. दुपारची वेळ, कोरडा वारा सुटलेला, सगळीकडे धूळ. मी दाराला कडी घालून पडले होते. कुंपणाबाहेरून हाक आली — "आई!"

त्याचाच आवाज. देवा, त्याचाच! उठले, हात कडीवर गेलासुद्धा. आणि मग आठवलं. हात मागे घेतला.

"आई — मी — मी — मी —" शेळी ओरडावी तसं! माझा सेन्यो असा कधी बोलला? बोलायला लागला की बाजारातल्या बायका हात टेकायच्या त्याच्यापुढे. मी आतूनच विचारलं, "कोण आहेस तू? आधी प्रभूचं नाव घे!"

मग आवाज अगदी दाराशी आला. "ये — ये — ये —"

मला बोलावत होता! नाव घे म्हटलं तर 'ये' म्हणतो! मी किंचाळले, "चालता हो सैताना! माझ्या पोराचा आवाज लावतोस? तोंड काळं कर!" मूठभर मिरच्या निखाऱ्यांवर टाकल्या. धुराने मी खोकले. बाहेरही कुणी खोकलं. सैतानाला ठसका लागतो का? मग वाळूत पावलं वाजली. लांब गेली.

एक गोष्ट कुणालाच सांगणार नाही. मला दार उघडायचं होतं. तो सैतान आहे हे कळल्यावरसुद्धा. एकदा तोंड बघितलं असतं, मग घेऊन गेला असता तर जाऊ दे! याच मोहाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

२३ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये साक्ष द्यायला लावली. सगळे उठून हालेलुया, हालेलुया! अग्बेकोंच्या डोळ्यांत पाणी. "या बाईने पोटच्या मायेवर पाय दिला, पण सैतानाला दार उघडलं नाही!" बायकांनी मला मिठ्या मारल्या.

वन्सं तेवढ्या मागेच राहिल्या. परतताना म्हणाल्या, "वहिनी, बाहेर पायाचे ठसे होते का हो?"

"एवढ्या वाऱ्यात कुठले ठसे राहतायत!"

"नाही, आपलं विचारलं."

मी चिडले. शंका घालणं हे त्याचंच काम, वन्संना कळू नये? पण प्रार्थना करून निजले तर झोप शांत लागली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

लोमे शहराहून येणारा लॉरीवाला आज टोपल्या चढवताना सहज म्हणाला, "एन्योनामबाई तुम्हीच ना? बुधवारी तुमच्या पोराला मीच सोडलं होतं फाट्यावर. संध्याकाळी रडत माझ्याच गाडीत परत बसला. लोमेला उतरला, पुढे कुठे गेला काय माहीत. आई घरी नव्हती का, विचारलं तर धड बोलवेना. मला वाटलं प्यालाय. तसं नाही हो, मग त्यानेच कसंबसं सांगितलं. होडी बुडाली तेव्हापासून जीभ अडते त्याची. पहिलं अक्षरच घोळवत बसतो बिचारा."

तो 'ये' म्हणत नव्हता. मी सांगितलेलं नाव घेत होता.