सुभद्रा शालिकराम तायडे हिचा शोध फाइलीच्या सर्व रकान्यांत घेण्याबाबत

दिनांक : ४ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. नोंद अधिकारी,
बेपत्ता व अनोळखी व्यक्ती नोंद कक्ष,
अमरावती.

विषय : संगणकातील शोध केवळ 'नाव' या रकान्यापुरता न ठेवता सर्व चौदा रकान्यांत घेऊन माझ्या पत्नीचा ठावठिकाणा कळविण्याबाबत.

संदर्भ : १) माझे अर्ज दि. १० मार्च व ५ मे २०२५.
२) आपले पत्र दि. २० जून २०२५, ज्यान्वये दोन्ही अर्ज निकाली काढण्यात आले.

महोदय,

मी शालिकराम बळीराम तायडे, वय ७१, राहणार तेल्हारा, जि. अकोला, हा तिसरा अर्ज स्वहस्ते लिहून सादर करीत आहे. सरकारी अभिलेख कक्षात एकतीस वर्षे नोकरी केलेली असल्याने निकाली निघालेल्या विषयावर पुन्हा अर्ज करणे प्रशस्त नाही, हे मी जाणतो. तरीही करीत आहे.

१. माझी पत्नी सुभद्रा, वय ६६, हिला तीन वर्षांपासून विसरण्याचा आजार आहे. आधी ती भाजीत मीठ विसरली, मग घराचा रस्ता, आणि गेल्या दिवाळीपासून स्वतःचे सासरचे नाव. सुभद्रा हे नाव लग्नात ठेवलेले आहे. माहेरचे नाव गंगू. तिचे वडील सेमाडोहला जंगल खात्यात मजूर होते. आता तिला आठवते ते तेवढेच : सेमाडोह आणि थोरला भाऊ जानराव. भाऊ वारून बावीस वर्षे झाली, पण ती रोज म्हणते, "मले जानरावभाऊकडं नेऊन घाला."

२. दि. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी आम्ही उभयता तिच्या चुलत बहिणीकडे जाण्यासाठी अकोटमार्गे परतवाड्यास उतरलो. तिला बसस्थानकातील बाकावर बसवून मी पुढच्या गाडीची चौकशी करण्यास खिडकीकडे गेलो. "इथून हलू नको," असे मी बजावले. ती म्हणाली, "जा नं, मी काय लहान लेकरू आहो काय?" परत आलो तेव्हा बाकावर फक्त पिशवी होती. स्थानकासमोरचे चहावाले उत्तमराव यांनी सांगितले, "हिरव्या पातळातली बाई ना? सेमाडोहची जीप कुठी लागते म्हून इचारून राहिली होती." मी त्याच दिवशी सेमाडोह गाठले. तिथे ती उतरलेली कोणी पाहिली नाही.

या ठिकाणी एक दुरुस्ती नमूद करणे भाग आहे. पोलिसांतील तक्रारीत व माझ्या दोन्ही अर्जांत 'पाच मिनिटांसाठी गेलो होतो' असे लिहिले आहे. ते खरे नाही. खिडकीपाशी मला जुना सहकारी श्याम भेटला. आम्ही चहा घेतला, पेन्शनच्या गोष्टी केल्या. पस्तीस-चाळीस मिनिटे झाली असावीत. पाच मिनिटांत म्हातारी बाई किती लांब जाणार, असा विचार करून कोणी शोधाचा परीघ लहान ठेवला असेल, तर तो दोष माझा आहे.

३. मार्च महिन्यात मी आपल्या कक्षात आलो. विभागातील पाच जिल्ह्यांतून आलेल्या एक्केचाळीस हजार सहाशे नोंदी एकाच फाइलीत आहेत, हे ऐकून मला मोठा धीर आला होता. आपल्या कक्षातील रूपाली मॅडमनी 'सुभद्रा' टाकून पाहिले. तीन निघाल्या, एकही माझी नव्हती. 'शुभद्रा', 'गंगू', 'तायडे', सर्व टाकून झाले. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, हे फक्त नावाच्या रकान्यात पाहते. बाकीच्या तेरा रकान्यांत ते जातच नाही." म्हणजे कपडे, अंगावरील खुणा, बोलणे, कोठे सापडली, पुढे कोठे पाठविली, हे सारे लिहिलेले आहे, पण शोधता येत नाही. जिला नाव आठवत नाही तिला नावानेच शोधायचे, हे आपणच सांगावे, कसे जमावे?

४. दुसऱ्या अर्जानंतर आपण कृपावंत होऊन मला दर बुधवारी दोन तास, मॅडमच्या देखरेखीखाली, पडद्यावर नोंदी वाचण्याची तोंडी परवानगी दिलीत. त्याबद्दल मी ऋणी आहे. एका वेळी एकच नोंद दिसते. अकरा बुधवारांत दोन हजार तीनशे चाळीस नोंदी वाचल्या. या गतीने उरलेल्या वाचण्यास साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागेल. एका म्हाताऱ्याच्या 'बोलणे' या रकान्यात फक्त 'म्हैस बांधली काय' एवढेच आहे. एका बाईच्या नोंदीत 'हसते' असा एकच शब्द आहे. अशी माणसे वाचून बाहेर पडल्यावर तेल्हाऱ्याच्या गाडीत मला कोणाशी बोलता येत नाही.

५. दि. ३० जुलै रोजी, नोंद क्र. २३३१. ती मी जशीच्या तशी उतरवून घेतली आहे. नाव : जानराव. लिंग : पुरुष. वय : अंदाजे ६५. कपडे : हिरवे पातळ. अंगावरील खुणा : डाव्या हातावर 'जानराव' असे गोंदण. बोलणे : 'मले भावाच्या घरी सोडून द्या.' दिनांक २१ फेब्रुवारी. पुढे पाठविले : अकोला.

महोदय, ती माझी सुभद्रा आहे. ते गोंदण तिने लहानपणी बहिरमच्या जत्रेत भावाच्या नावाने करून घेतले होते. मी खुर्चीवरून उठलो व मला पुन्हा बसता येईना. रूपाली मॅडमनी पाणी दिले. त्या म्हणाल्या, "नाव टाकल्याशिवाय ते पुढं सरकतच नाही काका. कोणीतरी हातावरचं टाकून दिलं असन." नाव पुरुषाचे म्हणून लिंगही पुरुष झाले. पातळ नेसलेला पुरुष पाहून पाच महिन्यांत कोणासही शंका आली नाही, याबद्दल मी कोणावर ठपका ठेवीत नाही. त्या रकान्यापर्यंत कोणी पोचलेच नसेल.

६. 'पुढे पाठविले : अकोला' याहून अधिक काही नाही. संस्थेचे नाव नाही. अकोल्यात तिची दुसरी नोंद झाली असणार, तीही कोणत्या तरी तिसऱ्याच नावाने. माझी मुलगी दामिनी अकोल्यास रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीस आहे. तिच्यासोबत फोटो घेऊन मी तीन दिवसांत सात ठिकाणे फिरलो. सातही ठिकाणी एकच उत्तर मिळाले : "नोंद अमरावतीले असते, तिथं इचारा."

७. दामिनीने मला तिच्या कामाची फाइल दाखवली. तिने एका पेशंटच्या गल्लीचे नाव टाकले आणि ते ज्या रकान्यात होते तेथून, डोळ्याची पापणी लवायच्या आत, तो पेशंट समोर आला. संगणक सर्व रकान्यांतील सर्व शब्दांची सूची आधीच करून ठेवतो, असे ती म्हणाली. अशी सूची मी अभिलेख कक्षात हाताने केली होती. त्याला मला चार वर्षे लागली होती. ती म्हणाली, "बाबा, फाइल मिळाली तर आई आजच सापडन." परंतु फाइलीची प्रत बाहेर देता येत नाही, असे आपल्या पत्रात नमूद आहे व ते मला मान्य आहे. त्यात इतरांच्याही आया आहेत. मी प्रत मागत नाही. हीच फाइल आपल्याच कार्यालयातील संगणकावर, साध्या तक्त्याच्या रूपात उघडून, आपल्यासमोर सर्व रकान्यांत शोधावी. रूपाली मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे हे होऊ शकते, फक्त आपली एक सही लागते. शोधावयाचे शब्द : जानराव, गंगू, सेमाडोह (शेमाडोह व सिमाडोह असेही), गोंदण, गोंदलेले, हिरवे पातळ, भाऊ.

८. सहा महिने पूर्ण झालेल्या नोंदी चालू फाइलीतून काढून बंद फाइलीत टाकल्या जातात, असे समजते. पहिली नोंद २१ फेब्रुवारीची आहे. म्हणजे माझ्या हाती सतरा दिवस आहेत, व त्यांत बुधवार तीनच येतात.

९. शेवटचे. माझ्या ५ मेच्या अर्जात परिच्छेद ४ मध्ये 'मृतांच्या नोंदी पाहण्याची आवश्यकता नाही, कारण माझी पत्नी हयात आहे' असे मी ठामपणे लिहिले होते. त्यामुळे रूपाली मॅडमनी त्या नोंदी आजवर उघडल्या नाहीत. सदर परिच्छेद मी या अर्जाद्वारे मागे घेत आहे. शोध त्याही नोंदींत घ्यावा. मात्र तो सर्वांत शेवटी घ्यावा, आणि तो घेताना मला बाहेरच्या बाकावर बसवू नये, आत बोलवावे.

आपल्या सहीची वाट पाहणारा, आपला नम्र,

(सही)
शालिकराम बळीराम तायडे
तेल्हारा, जि. अकोला

सोबत :
१) नोंद क्र. २३३१ ची हस्तलिखित नक्कल.
२) पोलीस तक्रारीची प्रत (वेळेबाबतची दुरुस्ती समासात केली आहे).
३) सुभद्राचा फोटो. मूळ प्रत आहे, काम झाल्यावर परत मिळावी.