लेटलतीफचा फोन

प्रिय दादा,

हे पत्र मी आधी इंग्लिशमध्ये लिहायला घेतलं होतं. दुसऱ्या ओळीतच ते रजेच्या अर्जासारखं वाटायला लागलं, म्हणून फाडून टाकलं. तेव्हा माझं मराठी आहे तसं चालवून घे. शाळेत तू मला निबंध पाठ करून द्यायचास आणि मी नदीच्या आत्मकथेत झाडाची घुसवून यायचे, त्यापेक्षा आता जरा बरं आहे. कागदावर लिहितेय कारण बाकी सगळे रस्ते तू बंद केलेत. नंबर लागत नाही, मेल परत येतो. तुझ्या गॅरेजवाल्या मित्राकडे हे पाकीट देणार आहे. तू कुठे आहेस ते त्याला माहीत नाही असं तो शपथेवर सांगतो, पण शपथ घ्यायच्या आधी तो जरा जास्तच वेळ हात पुसत बसला होता. मी त्याला काही विचारणार नाही. पाकीट ठेवीन आणि येईन.

माझी बातमी अशी की मी डिप्लोमाला आहे. कॉम्प्युटर अँड कम्युनिकेशन नेटवर्क्स. हो, तुझावालाच. तीच इमारत, तीच लॅब, तोच एसी जो थंड कमी आणि गुरगुर जास्त करतो. बाबांना सांगितलं तेव्हा ते बूट पुसत होते. मान वर केली नाही, पण नाही म्हणाले नाहीत. आपल्या घरात ह्याला परवानगी म्हणतात. आई फक्त म्हणाली, तू तरी घरी राहून शिक.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांना केबल बनवायला दिली. आठ तारा रंगाच्या क्रमाने लावायच्या, कापायच्या, टोकाला जॅक बसवून दाबायचा. बाकीचे भिंतीवरचा तक्ता बघत होते आणि माझी झालीसुद्धा, कारण तो रंगांचा क्रम तू मला पाढ्यांसारखा म्हणायला लावायचास. सरांनी विचारलं कुठे शिकलीस, तर मी म्हटलं घरी. एवढंच म्हटलं. मग मी सुटलेच. सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये, सगळ्यांच्या नंतर बाहेर. जेवताना आईला समजावायचे की आपण बघतो तो व्हिडिओ तुकडे तुकडे होऊन येतो आणि इथे जोडला जातो. ती म्हणायची, भाजी संपव, मग जोड. दादा, मला हे सगळं इतकं आवडत होतं की लाज वाटायची. ज्याने तुला घराबाहेर काढलं, त्याच्याच प्रेमात पडल्यासारखं.

आमच्या लॅबच्या सरांना मुलं ब्रॉडकास्ट सर म्हणतात, कारण एकाला सांगायचं ते सगळ्या मजल्याला ऐकू जातं. माणूस चांगला आहे. तुझ्यानंतर आलाय, तुला ओळखत नाही. दुसऱ्या सेमिस्टरला त्यांनी दूरच्या मशीनमध्ये बदल कसा करायचा ते शिकवलं आणि म्हणाले, आता एक गोष्ट सांगतो, हसायचं नाही. मग अर्थात सगळे हसायला तयारच झाले. एक नवा पोरगा होता म्हणे. ऑफिसात बसून लांबच्या एका गोदामाचं नेटवर्क सांभाळायचा. त्याला तिकडे एका नव्या काउंटरला लाइन द्यायची होती. त्याने घाईत चुकीचा पोर्ट बंद केला, आणि तो नेमका तोच, ज्याच्यातून तो स्वतः आत गेला होता. बसला होता तीच फांदी तोडली. गोदाम बंद, पावत्या बंद, गेटवर ट्रकांची रांग. सर म्हणाले, संध्याकाळपर्यंत. वर्ग हसला. माझ्या शेजारचा तर बाकावर डोकं आपटत होता.

मी हात वर केला आणि म्हटलं, सर, संध्याकाळपर्यंत नाही, जेवणाच्या सुट्टीपर्यंत. त्यांनी विचारलं, तुला काय माहीत? मी म्हटलं, कुठेतरी वाचलं होतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. सर म्हणाले, ह्यात दोन धडे. एक, दूरच्या मशीनला हात लावायच्या आधी त्याला सांगून ठेवायचं की मी दहा मिनिटांत परत बोललो नाही, तर तू आपोआप बंद होऊन चालू हो आणि जुन्या सेटिंगवर ये. काम नीट झालं की ते रद्द करायचं. सगळे जुने लोक असंच करतात. दुसरा धडा, काम लेखी तक्रार आल्यावरच करायचं, कुणाच्या फोनवर नाही. त्या पोराला म्हणे गोदामातूनच कुणा ओळखीच्या साहेबाचा थेट फोन आला होता. ट्रक यायला लागलेत, ऑफिसच्या भानगडीत पडू नकोस, पटकन करून दे. पोराने साहेबाला खूश करायला पटकन करून दिलं. चौकशीत साहेबाचं नाव विचारलं तर सांगितलं नाही. कोण होता ते अजून कुणाला माहीत नाही, असं सर म्हणाले.

दादा, मला त्या क्षणी माहीत झालं.

त्या गोदामात तुला ओळखणारा साहेब एकच होता. सगळ्या ड्रायव्हरांना बोलावून बोलावून सांगणारा, की आमचं नेटवर्क माझा मुलगा सांभाळतो. मला त्या संध्याकाळचं सगळं आठवतं. बाबा गेटवर उभं राहून ड्रायव्हरांच्या शिव्या खाऊन आले होते, शर्टाची कॉलर घामाने काळी झाली होती. तू दारातच उभा होतास, हेल्मेट हातात. ते म्हणाले, ‘तू हात लावशील ते बंद पडतं. माझ्या घराला हात लावू नकोस.’ आणि तू एक शब्द बोलला नाहीस. मला तेव्हा वाटलं होतं की तुझ्याकडे बोलायला काही नाही. तुझ्याकडे सगळंच होतं. तू फक्त म्हणायचं होतंस, फोन तुमचाच होता ना.

मी ठरवलं होतं की परीक्षा झाली की बाबांना विचारायचं. नीट, आई देवळात गेली असताना, समोर बसून. विचारायचे शब्दसुद्धा जुळवले होते. मग परीक्षेच्या आधीच बाबा पडले. गोदामातच, रजिस्टरच्या टेबलाशी. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणतात त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द बाहेर येत नाही. म्हणजे बघ ना, ज्या माणसाने बोलायचं होतं त्याचंच बोलणं गेलं. आता मी विचारलं तर ते उत्तर कशाने देणार? आणि जे बोलून बसलेत ते परत कशाने घेणार? आई त्यांना घास भरवते, ते खिडकीकडे बघतात. संध्याकाळी जिन्यात कुणाची पावलं वाजली की चमचा मध्येच थांबतो. पावलं आपल्या मजल्याच्या आधीच संपतात.

आता तुला एक सांगते जे आईला सांगितलेलं नाही. आपल्या घरचा वाय-फाय आठवतो ना? तू त्याला नाव दिलं होतंस ‘वरचा मजला रिकामा’, आणि बाबा आठवडाभर विचारत होते की हे कुणाला उद्देशून आहे. तू गेल्यापासून आईने त्याला हात लावू दिलेला नाही. कनेक्शनवाला दोनदा नवा डबा घेऊन आला, म्हणाला स्पीड वाढेल. आई म्हणाली, वाढू दे, पण नाव तेच, पासवर्ड तोच. तिला कुणीतरी सांगितलंय की फोन ओळखीच्या घराजवळ आला की आपोआप जोडला जातो. ती देवापुढे दिवा लावते, तसा तो डबा रोज पुसते.

बाबांना घरी आणल्यावर एका दुपारी मी लॅबचा गृहपाठ करत होते. घरच्या नेटवर्कवर कोण कोणाशी काय बोलतंय ते स्क्रीनवर बघायचं होतं. तुला माहितीये, नवीन फोन आला की तो आधी सगळ्यांना ओरडून विचारतो, मला इथे पत्ता मिळेल का, आणि त्यात स्वतःचं नावही सांगतो. आईचा फोन होता, माझा लॅपटॉप होता, आणि मग खाली एक ओळ आली. लेटलतीफ. बाबांनी तुला ठेवलेलं नाव, तू मुद्दाम फोनला दिलेलं. लेटलतीफ पत्ता मागत होता. घराने लगेच दिलासुद्धा.

मी चप्पल न घालता तिन्ही मजले उतरले. खाली कुणी नव्हतं. पंक्चरवाला म्हणाला, एकजण आला होता, हेल्मेट काढलं नाही, वर बघत उभा होता, गाडी बंद पण केली नाही. वर आले तोपर्यंत तू स्क्रीनवरूनही गेला होतास. आईने विचारलं कुठे पळालीस, मी म्हटलं दूधवाला वाटला. तिला सांगितलं असतं तर ती दिवसभर गॅलरीतच उभी राहिली असती, आणि बाबांच्या औषधाच्या वेळा चुकल्या असत्या.

तेव्हापासून माझं काहीतरी बिघडलंय, दादा. प्रॅक्टिकलला मला दूरच्या मशीनचा पोर्ट बदलायला दिला होता. सगळं बरोबर टाइप केलं. आधी ते दहा मिनिटांचंही लावून ठेवलं. फक्त एंटर दाबायचं होतं, आणि माझं बोट उचलेना. पोर्ट नंबर परत परत वाचत होते. तो बरोबर होता, मला माहीत होतं बरोबर आहे, तरी वाटत होतं की मी दाबलं की लांब कुठेतरी एक गेट बंद पडेल आणि कुणीतरी कुणाला तरी दारातून परत पाठवेल. मी काहीच केलं नाही. दहा मिनिटं संपली, मशीन आपोआप बंद झालं. परीक्षक मागे उभे होते. म्हणाले, बाळ, तू तर काही तोडलंच नव्हतंस. नापास केलं. पुन्हा बसता येईल, पण मला नाही वाटत बसेन. पुस्तकं बांधून ठेवलीत. लॅबमधली मुलं मेसेज करतात, मी वाचते आणि फोन उलटा ठेवते. ज्या गोष्टीसाठी मी जेवण विसरायचे ती आता बघवत नाही. आणि आधी असं काही झालं की मी तुला येऊन सांगायचे.

तुला घरी ये म्हणायला मी हे लिहिलेलं नाही. तो हक्क मला आहे की नाही, माहीत नाही. मी लिहिलंय कारण आम्ही घर सोडतोय. बाबांना तीन मजले चढवणं-उतरवणं आता होत नाही, म्हणून मावशीच्या ओळखीने तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्यात. ह्या महिन्याच्या शेवटी इथलं कनेक्शन कापतील. मला एकच भीती आहे, आणि ती घेऊन मी रोज झोपते. तू परत कधीतरी येशील, हेल्मेट न काढता खाली उभा राहशील, आणि फोन जोडलाच जाणार नाही. तुला वाटेल आम्ही पासवर्ड बदलला. तसं नाहीये, दादा. घर बदललंय. काल बाबांना नव्या खोलीत हलवलं, तेव्हा कनेक्शनवाला आला आणि म्हणाला, नाव काय ठेवू? मी काही बोलायच्या आत बाबांनी डावा हात पुढे केला. त्याला वाटलं पाणी हवंय. त्यांना त्याचा फोन हवा होता. मग एकेक अक्षर शोधत, खोडत, परत टाकत त्यांनी लिहिलं, वरचा मजला रिकामा. तो माणूस म्हणाला, आजोबा, हा तर तळमजला आहे. बाबांनी फोन सोडला नाही, पासवर्डच्या जागेवर बोट ठेवलं. मला वाटलं होतं त्यांना तो माहीतही नसेल. आई तुला रोज हाक मारून म्हणायची तेच तू ठेवलं होतंस, आणि त्यांनी ते अख्खं लिहिलं, एकही अक्षर न चुकता: आधी जेवून घे. मग स्वतःच्याच अंगठ्याने एंटर दाबलं. नवा पत्ता पाकिटाच्या आतल्या बाजूला आहे. जिना नाहीये, दार रस्त्यावरच उघडतं.

रस्ता ओलांडताना तुझं बोट न सोडणारी,
तुझीच
पक्कड