केस दुसऱ्या दिवशी बसतात

३१ मे, शनिवार

रिझाइन केलं! विम्याच्या ऑफिसात लोकांचे क्लेम नाकारण्यात अर्धं आयुष्य गेलं, आता बास. उद्यापासून मी हेअर स्टायलिस्ट. कोर्स झालाय, ऑनलाइन. हिला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे लोकांचे केस कापणार ना? कापणं वेगळं, स्टायलिंग वेगळं. बायकोला काय समजावणार, कपाळ!

खरी धास्ती बाबांची. ते एकाच कचेरीला चिकटून रिटायर झालेले. बाथरूममध्ये भाषण पाठ करून गेलो. वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. त्यांनी शांतपणे ऐकलं, पेपर बाजूला ठेवला, आत गेले आणि गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बाहेर आले. स्टुलावर बसून म्हणाले, उद्या माझ्यापासूनच सुरुवात कर, टॉवेल पुरेल ना बघ.

बाबांचे केस म्हणजे! या वयात इतके दाट, पांढरेशुभ्र. खिशात कायम कंगवा. ते डोकं त्यांनी मला दिलं. डोळे भरून आले. संकल्प : या उपकाराला जागायचं. आता माघार नाही.

१ जून, रविवार

पहिला कट. उत्तम. डाव्या कानामागे किंचित पायरी आली, मागच्या बाजूला एक छोटंसं पटांगण. कानालाही जरासं लागलं, पण तो कानाचा दोष. बाबांनी आरशात बराच वेळ पाहिलं. मोकळं वाटतंय, म्हणाले. ही स्वयंपाकघरात जाऊन खोकत होती. खोकलाच असावा.

२ जून, सोमवार, संध्याकाळ

चमत्कार! बाबा फिरून आले, टोपी काढली, तर पायरी गायब. पटांगणही आजूबाजूला मिसळून गेलेलं. म्हणजे माझा कट दुसऱ्या दिवशी बसतो! कोर्समध्ये हे कुठेच नव्हतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, हवा लागली असेल. हिने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि भाजी निवडत राहिली.

२२ जून, रविवार

थिअरी पक्की. रविवारी बरा, सोमवारी सुरेख. बाबांचे केस मात्र हल्ली सहकार्य करत नाहीत. वाढतच नाहीत म्हणजे काय! दर आठवड्याला माल कमी. घरातसुद्धा टोपी घालतात, थंडी वाजत असेल. मित्रांकडे जाणंही बंद केलंय. घरकोंबडे होत चाललेत.

(हे फक्त इथेच : मला लोकांचे केस आवडत नाहीत. ओले तर मुळीच नाहीत. शर्टात जातात, जेवताना आठवतात. आज बाबांना सांगणारच होतो की जमत नाही हो. बाहेर आलो तर ते टॉवेल बांधून तयार. नंतर जिन्यात कुणाला तरी सांगत होते, मुलगा मार्गी लागला. आता या मार्गावरून उतरायचं कुठून?)

६ जुलै, रविवार

बाबांनी रस्त्याकडची त्यांची खोली सलूनला दिली! स्वतःचा पलंग पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकशेजारी. म्हणाले, इथे वारा छान येतो. पॅसेजला खिडकी नाही. असा बाप मिळायला भाग्य लागतं. जेवण काही गेलं नाही.

खुर्ची आली. फरशीला बोल्ट मारून बसवली. मिस्त्री म्हणाला, आता ही जन्मात हलत नाही. तरी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. आनंदानं.

१६ जुलै, बुधवार

जुन्या साहेबांचा फोन. माझी जागा रिकामी आहे, येतोस का म्हणाले. बाणेदारपणे नकार दिला. म्हणजे, कळवतो म्हणालो. सहज विचारलं, माझं टेबल तिथेच आहे का. आहे, खिडकीपाशी. क्लेम नाकारताना कुणाच्या कानाला लागत नाही, हेही सहजच आठवलं. ठरलं : उद्या बाबांना स्पष्ट सांगायचं.

१७ जुलै, गुरुवार

नाही सांगितलं. ते स्टुलावर चढून सलूनचा बोर्ड पुसत होते. पडले असते तर?

२० जुलै, रविवार

उद्घाटन. सकाळी मानाचा कट बाबांचा. नंतर वरच्या मजल्यावरचे काका आणि माझा मेहुणा. दोघांना बजावलं, आज आरसा नको, उद्या बघा. भिंतीवर पाटीच लावली : ‘केस दुसऱ्या दिवशी बसतात. घाई करू नये.’

२१ जुलै, सोमवार

बसले नाहीत. काकांनी जिन्यात तोंड फिरवलं. मेहुणा हेल्मेट घालून आला, हेल्मेट घालूनच जेवला आणि गेला. त्याच्याकडे गाडी नाही. दोघे चुकीच्या कुशीवर झोपले असणार. बाबांचे बघा, कसे मस्त बसले!

२८ जुलै, सोमवार

ब्लेड आणायला मागच्या गल्लीत गेलो. तिथल्या सलूनमध्ये, खुर्चीत, बाबा.

दाराच्या पडद्याआड उभा राहिलो. सलूनवाला विचारत होता, काका, दर सोमवारी हे किती दिवस निस्तरायचं? आता कापायला उरलंय काय? बाबा म्हणाले, त्याचा हात बसेपर्यंत. आणि हे बघ, फार छान करू नकोस, त्याला संशय येईल.

ब्लेड न घेताच परतलो. भिंतीवरची पाटी काढली. मागे खिळ्यानं मोठा पोपडा निघालाय, म्हणून परत लावली.

२९ जुलै, मंगळवार

साहेबांना फोन केला. जागा भरली. म्हणाले, तुझा निरोप येईना म्हणून घरी फोन केला होता, वडिलांनी घेतला. वडील म्हणाले, पोराचा तिथे जीव रमलाय, कृपा करून त्याला पुन्हा अडकवू नका.

हिला विचारलं, बाबांचं तुला ठाऊक होतं? म्हणाली, पहिल्या सोमवारपासून. मग बोलली का नाहीस? बाबांनी शपथ घातली होती म्हणे. आज खोकली नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आज सोक्षमोक्ष लावायचाच. पुन्हा बाथरूम, पुन्हा भाषण. खोलीत गेलो तर बाबा खुर्चीत. टॉवेल बांधलेला, टोपी मांडीवर, डोळे मिटलेले. डोक्यावर नुसती पांढरी लव. कानावर पहिल्या रविवारची बारीक खूण.

भाषण राहिलं बाजूला, कंगवा उचलला. मग डोक्याच्या चार बोटं वर, हवेतच कात्री चालवत राहिलो. एक केस पडला नाही. बाबांनी आरशात पाहिलं. मोकळं वाटतंय, म्हणाले.

थँक्यू बाबा, म्हणालो. तेवढंच निघालं. कशाबद्दल रे, म्हणाले. खोलीबद्दल. तर म्हणाले, अरे, तिथे वारा छान येतो.

४ ऑगस्ट, सोमवार

बाबा टोपी घालून निघाले. ते रस्ता ओलांडेपर्यंत मी खिडकीकडे पाठ करून खुर्ची पुसत होतो.

संध्याकाळी आले, टोपी काढली. मानेला पावडर. काल मी कापलं होतं काय, आज गल्लीतल्या सलूनवाल्यानं निस्तरलं काय! तरी म्हणालो, बघा बाबा, बसले.

त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. एकदम खूश. म्हणाले, काल एकदाही लागलं नाही बघ. आता बसला तुझा हात.