एक आज्ञा पुन्हा टाइप करू देण्याबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
डोंगरी पशुधन नोंद कक्ष,
पोलादपूर, जि. रायगड.

विषय : नोंदवहीचे घड्याळ जागेवर आणण्यासाठी एक आज्ञा चालवण्याची परवानगी शुक्रवार सकाळपूर्वी मिळणेबाबत.
संदर्भ : १) कारणे दाखवा नोटीस, दि. १३/११/२०२५. २) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज (उत्तर नाही).

महोदया,

१. अर्जदार सुनील गणू उतेकर हा आपल्या कक्षात सहा वर्षे कंत्राटी संगणक चालक आहे. जनावरांची नोंदवही क्लाउडवर गेल्यापासून तिच्या सेटिंग सांभाळणे, म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून त्या बदलणे, हे काम त्याच्याकडेच होते. दुसऱ्या कोणाला ते येत नाही.

२. वरच्या वाड्यांत मोबाइलला रेंज येते ती एखाद्या कातळावर. माणूस तिथे उभा राहून फॉर्म भरतो, बिल्ल्याचा नंबर विचारला की गोठ्याकडे पळतो, म्हशीचा कान धरून नंबर वाचतो आणि धापा टाकत परत येतो, तोवर फॉर्म बंद! मुदतच दोन मिनिटांची. लोकांचे हाल बघवेनात, म्हणून दि. १० रोजी अर्जदाराने ती मुदत पंधरा मिनिटे केली. कोणी सांगितले नव्हते, हे कबूल आहे.

३. चूक इथेच झाली आणि ती अर्जदाराचीच. आपल्या कचेरीत दुरुस्तीचा कागद करताना बदललेली ओळ तेवढी लिहायची आणि खाली ‘बाकी पूर्ववत’ म्हणायचे, अशी रीत आहे. सहा वर्षांत हाताला तेच वळण लागले. अर्जदाराने आज्ञेत एकच सेटिंग लिहिली. क्लाउडला ‘बाकी पूर्ववत’ कळत नाही. जे लिहिले ते ठेवतो, जे लिहिले नाही ते पुसतो. उरलेल्या सहा सेटिंग गेल्या. त्यांत भारतीय वेळेचीही गेली आणि नोंदवहीचे घड्याळ साडेपाच तास मागे पडले. दुसऱ्या दिवशी हे ध्यानात येताच अर्जदाराने स्वतः येऊन आपणास सांगितले. आपण त्याचा पासवर्ड बंद केलात. तो चालू असता तर काम चाळीस सेकंदांचे होते.

४. कर्मचाऱ्यांची हजेरीही त्याच घड्याळावर आहे. अर्जदार सकाळी दहाला येतो, ते पहाटे साडेचार लागते. संध्याकाळी साडेपाचला जातो, ते दुपारी बारा लागते. पहाटे कचेरीचे कुलूप कोणी उघडले, याचा खुलासा त्याच्याकडे मागितला आहे. दि. १७ रोजी दुपारी दोनच्या चौकशीत तो आपल्या समोरच्या खुर्चीत बसला होता, चहाही घेतला; इतिवृत्तात मात्र ‘हजेरीनुसार अर्जदार बारा वाजता निघून गेल्याने गैरहजर’. आता बोला! अर्जदाराने हात टेकले आहेत.

५. हे सगळे त्याने सोसले असते. पण आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यातील बयाबाई सखा ढेबे यांची म्हैस दि. १२ रोजी चरत हायवेला उतरली आणि कक्षाच्या कोंडवाड्यात जमा झाली. ती सोडवायला नोंदवहीतून मालकीची चिठ्ठी काढावी लागते, आणि चिठ्ठी त्याच दिवसापुरती चालते. नोंदवही दहाला उघडते, पण तिच्या स्वतःच्या घड्याळाने. म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. कोंडवाड्यातून जनावर सोडतात ते सकाळी आठ ते एक. चिठ्ठी हातात पडते तेव्हा फाटक बंद, आणि फाटक उघडते तेव्हा चिठ्ठी बाद. आठ दिवस हेच चालले आहे. रखवालदार सयाजी म्हणतो, “माझ्या हातात काय हाय? साहेबांचा कागद आणा, दुपारी काय, आत्ता सोडतो.” त्या कागदासाठीही अर्ज केला आहे.

६. बयाबाई रोज दोन तास डोंगर उतरून गवताचा भारा घेऊन येतात. घरी तीन आठवड्यांचे रेडकू आहे. शेळीचे दूध बोटाने चाटवतात, ते तोंड फिरवते. काल त्या अर्जदाराच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, “बाबा, तुझ्याच बोटानं बंद झालं ना? मग तूच उघड की रे. रेडकू आता उठत पन नाय.” अर्जदाराने त्याच रात्री हा अर्ज लिहायला घेतला. शुक्रवार दि. २१ रोजी सकाळी अकराला बेवारस म्हणून म्हशीचा लिलाव आहे. मालकीण रोज फाटकाबाहेर उभी आहे, आणि म्हैस बेवारस!

७. तरी विनंती की, अर्जदारास एकदाच, आपल्या देखत, ती आज्ञा टाइप करू द्यावी. या वेळी सातही सेटिंग पूर्ण लिहिल्या आहेत. त्याच्यावर भरवसा नसेल तर कोणीही सोबतचा कागद बघून टाइप करावे. तो लांब उभा राहील. चुकीची शिक्षा म्हणून राजीनामा जोडला आहे. आज्ञा चालली की तो स्वीकारावा. अर्जदाराची तक्रार नाही.

आपल्या दाराशी नऊ दिवस थांबलेला,
(सही)
सुनील गणू उतेकर
दि. १९/११/२०२५

सोबत : १) आज्ञेचा कागद, सात सेटिंगसह. २) बयाबाईंच्या बाद झालेल्या सात चिठ्ठ्या. ३) राजीनामा.

कार्यालयीन शेरा, दि. २०/११/२०२५ : सोबतच्या कागदांपैकी अनुक्रमांक ३ आजपासून मंजूर. अर्जदार आता कक्षाचा कर्मचारी नसल्याने त्यास परवानगी देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. अर्ज दप्तरी दाखल.