चौथं पातं

ता. ३, सोमवार

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या विमानतळावर जुनं लढाऊ विमान येणार म्हणून तू चार पानं लिहिलीस. सख्ख्या बहिणीच्या गुडघ्याची चौकशी मात्र समासात. असो.

ह्यांनी त्याच विमानाचं लाकडी मॉडेल वर्षभर जेवणाच्या टेबलावर कोरलंय. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवतो आणि पिठात भुसा निघतो. आता तू सामान विभागातून वर शब्द टाकून ते खऱ्या विमानाशेजारी मांडायची परवानगी काढलीस. उपकार झाले. पण एक लक्षात ठेव. घड्याळांचं दुकान बंद केल्यापासून हा माणूस सकाळी उठतो तो केवळ त्या लाकडासाठी. तिथे त्यांना कोणी हसलं, तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

लोभ आहे, तो टिकवणं तुझ्या हातात.

तुझी ताई

ता. ९, रविवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल विमान आलं. दुर्मीळ म्हणून केवढा डंका, आणि पोटाखाली तेल गळतंय म्हणून पत्र्याचा ट्रे! आमचे साहेब त्या ट्रेला अडखळले आणि मग भाषणातही अडखळत राहिले. लोकांनी विमानाकडे पाठ करून विमानाचे फोटो काढले.

भावजी मॉडेल टॉवेलात गुंडाळून आले. विमानाला एक फेरी मारली, समोर उभे राहिले आणि टॉवेल न सोडताच परत निघाले. मी मागे धावलो, तर ‘चार’ एवढंच म्हणाले. मग उमगलं. खऱ्या विमानाच्या पंख्याला चार पाती आहेत. भावजींनी तीनच कोरलीत, कारण मी दिलेल्या कॅलेंडरच्या चित्रात वैमानिक नेमका चौथ्या पात्यासमोर ऐटीत उभा आहे.

कोणी हसलं नाही गं, शपथ. साहेबांना तर पंखा कुठल्या टोकाला असतो तेही ठाऊक नाही. भावजी कसे आहेत? विमान पुढच्या रविवारपर्यंत इथेच आहे.

रागावलीस तर लिहून रागाव, पण लिही.

तुझा धाकटा

ता. १२, बुधवार

चि. धाकट्यास आशीर्वाद, जेमतेम.

मॉडेल माळ्यावर गेलं आणि हे अंथरुणात. टेबल रिकामं झालं, पण घास काही उतरेना. मी त्या गळक्या डबड्याला नावं ठेवली, साहेबांना ठेवली, तुला तर भरपूर ठेवली. हे ढिम्म. शेवटी काल मीच चिडून म्हणाले, की ज्या टोणग्याने पातं झाकलं, त्यालाच आणून उभा करा तिथे!

तर हे उठून बसले.

नवं पातं मापात आणायला ह्यांना महिना लागतो. माणूस वाकडातिकडा झाला तरी खपतो. माणसं असतातच तशी. सध्या पिठात पुन्हा भुसा आहे.

रविवारी हे येतील. माझा गुडघा बसमध्ये चढत नाही आणि हे घरी येऊन काही सांगायचे नाहीत. तेव्हा सगळं तू कळव.

माया आहे, फार ताणू नकोस.

तुझी ताई

ता. १६, रविवार

ती. ताईस सा. न. वि. वि. गुडघा कसा आहे? बघ, समासात नाही विचारलं.

भावजींनी टॉवेल स्वतः सोडला. तिन्ही पाती काटकोनात सरकवलेली, आणि चौथ्याच्या जागी कमरेवर हात ठेवलेला बोटभर वैमानिक. साहेब मागून डोकावू लागले, तेव्हा भावजींनी त्यांना शांतपणे बजावलं, की मांडलेल्या वस्तूच्या मागे डोकावायचं नसतं. साहेब चक्क सॉरी म्हणाले.

मग खरा वैमानिक आला. मॉडेल बराच वेळ पाहिलं. मग गेला आणि आपल्या विमानासमोर तसाच कमरेवर हात ठेवून उभा राहिला. भावजींनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. आणि त्याला सांगितलं, की जरा डावीकडे सरका, चौथ्याचं टोक दिसतंय.

तो सरकला. भावजी हसले गं, अगदी दुकानात हसायचे तसे.

दुपारी विमान उडालं. ट्रे इथेच विसरलेत.

लोभ आहेच, वाढला तर नको म्हणणार नाही. फक्त एक विचार भावजींना: त्या लाकडी टोणग्याचं नाक माझ्यासारखं का?

तुझा धाकटा