खिशातला गजर

पेण, १५ ऑक्टोबर २०२४

ती. दादांस,
वैशालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडायची मला लाज वाटते, म्हणून आपलं हे पत्र. परवा पालखीच्या दिवशी मी दुपारीच पळाले, रागावलात ना? काय करू, डोलवीच्या ऑफिसात कामगारांच्या शिफ्टचा तक्ता मलाच लावायचा होता. हल्ली घरीही तसाच तक्ता फ्रीजवर चिकटवलाय. तुमच्या नातवाचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, भाजी आणायची पाळी, सगळ्याला वेळ ठरलेली. तुमचे जावई विचारतात, मी हसायचं कुठल्या शिफ्टला?

आई असती तर ढोल ऐकून तिने तुमच्या खांद्यावर हात ठेवला असता. माझ्याने तेवढं थांबणं झालं नाही. पण गेल्या वर्षी पालखी आपल्या दारी आली त्या वेळेच्या जरा आधीचा गजर लावून फोन तुमच्या खिशात ठेवला होता. थरथरला ना? दर्शन कसं झालं ते कळवा. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची वैशाली

रोहा, १९ ऑक्टोबर

चि. वैशाली हिस,
दादांचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. रागावतोय कशाला? नोकरी म्हटली की जायलाच लागतं. फोन असा थरथरला की छातीच धडधडली बघ! पालखी आली, गेली, समदं बेस झालं. तू केलेली घावनं रात्री खाल्ली. ताटातला नारळ फडताळात ठेवलाय, येशील तेव्हा फोडू.

जावयांना सांग, हसायला तक्ता लागत नाय. जिवाला जप गो, आणि म्हाताऱ्याला विसरू नको.

दादा

पेण, २३ ऑक्टोबर

ती. दादांस,
साष्टांग नमस्कार.

पालखीचा नारळ घरी राहिलाच कसा, म्हणून शेजारच्या बायजाकाकूला फोन केला. तिने सगळं सांगितलं. यंदा पालखी लवकर आली. आळीला वाटलं, वैशाली आलीय, ती आणील दादांना बाहेर. आणि तुम्ही माजघरात नवा सदरा घालून, खिशावर हात ठेवून बसलेले. ढोल दारावरून गेले तरी तुम्हाला कळलं नाही. खिसा थरथरला तेव्हा ताट घेऊन बाहेर आलात, तर रस्त्यावर विस्कटलेली रांगोळी. सांगताना काकू रडली.

दादा, मला माझीच शरम वाटते. पालखीची वेळ कुणालाच सांगता येत नाही, हे लहानपणापासून ठाऊक असून मी देवाची ड्युटी लावली. आणि तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवून आत बसलात, तेच सलतंय. खरं सांगते, तो तक्ता दुसऱ्या दिवशी लावला असता तरी कुणाचं काही अडत नव्हतं. मीच उगाच धावले.

पुढच्या वर्षी तक्त्यातला त्या दिवसाचा चौकोन कोरा ठेवीन. तोवर मला रागाने चार शब्द लिहा, पण खोटं लिहू नका. रागावलात तरी आपली म्हणा.

अपराधी वैशाली

रोहा, २९ ऑक्टोबर

चि. वैशाली हिस,
अनेक आशीर्वाद.

खोटं लिहिलं ते माझं चुकलंच. तुझ्या जिवाला लागेल म्हणून लिहिलं. देव काय रुसत नाय गो, मी देवळात जाऊन पाया पडून आलो. पुढल्या वर्षीचा चौकोन आत्तापासून कोरा ठेवतेस, बरं हाय. पण पालखी वर्सातून एकदाच येते.

तू लावलास तो गजर रोजचा लागलाय. रोज त्याच वेळेला खिसा थरथरतो आणि मी उठून दारात येतो. रस्ता बघतो, कुणी नसतं, मग आत जातो. बायजा म्हणाली, आणा इकडं, बंद करून देते. मी दिला नाय.

तुला सवड होईल तेव्हा तूच येऊन बंद कर.

वाट बघणारा,
दादा